त्याच्या वाट्याला कोण?

धरमपेठेतील लक्ष्मीभुवन चौकापासून थोड्याच अंतरावर, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर हे कुटुंब राहते. आई, बाबा, आठवीत शिकणारी थोरली, तिसरीत शिकणारा धाकटा आणि आजी. गेल्या दिवाळीनंतर आजोबा गेले. त्यांची वेताची खुर्ची अजून व्हरांड्यातच आहे. तिच्यावर सहसा कोणी बसत नाही.

घराचा दिवस घड्याळाच्या काट्यावर चालतो. पहाटे साडेपाचला आजीच्या णमोकार मंत्राने घराला जाग येते. सहाला थोरलीची शिकवणी, सव्वासातला धाकट्याची स्कूलबस. नऊ वाजता आई बँकेत जाण्यासाठी बाहेर पडते, दहा वाजता बाबा इतवारीतील दुकानाकडे निघतात. दुपारी दोनला धाकटा परततो, साडेतीनला थोरली येते आणि पाचला पुन्हा क्लासला जाते. आई साडेसहाला येते. बाबांना रात्रीचे नऊ वाजतात. आजी सूर्यास्तापूर्वी जेवते आणि बहुधा एकटीच जेवते. या सगळ्या वेळापत्रकात कोणाचे काही चुकत नाही. फक्त एकमेकांसाठी वेळ उरत नाही.

अशा घरात मार्च महिन्यात एक चिठ्ठी प्रकटली. नववा वाढदिवस तीन महिन्यांवर आला असताना धाकट्याने वहीचे पान काढून, जमेल तितक्या सुवाच्य अक्षरांत तीन वाक्ये लिहिली आणि ते पान फ्रिजच्या दारावर चिकटवले : ‘मला कुत्र्याचे पिल्लू हवे आहे. लहान जातीचेच. ते जास्त जागा घेणार नाही.’

मोठ्या माणसांना पटले ते तिसरे वाक्य. अल्सेशियन किंवा लॅब्रॅडॉर मागितला असता तर नकार सोपा होता. परंतु मांडीवर मावणाऱ्या जिवाला नकार कोणत्या तोंडाने द्यायचा? बाबांनी दुकानात सहज विषय काढला, तर एका ओळखीच्या माणसाने दुसऱ्याच दिवशी भ्रमणध्वनीवर छायाचित्र पाठवले. काळ्या तोंडाचे, सुरकुतलेल्या कपाळाचे पगचे पिल्लू. खाली मजकूर होता : ‘तीस दिवसांचे आहे. लहानपणीच न्याल तर लळा लवकर लागेल.’

छायाचित्र पाहून थोरली विरघळली, धाकटा नाचला. आई काही बोलली नाही. तिने आजींकडे पाहिले.

आजीचा विरोध अपेक्षित होता आणि तो झालाही. नगरात मुनिसंघाचे आगमन झाले की आजी चौका लावते. त्या दिवसांत स्वयंपाकघरात धुतलेल्या वस्त्राशिवाय कोणी पाऊल टाकत नाही, पाणी गाळून आणि तापवून घेतले जाते. ताटात एक केस निघाला तरी मुनींना अंतराय होतो आणि ते आहार सोडून उठतात. “घरभर केस गाळणारा जीव आणि चौका एका छताखाली कसे राहतील, तेवढे मला सांगा,” ती म्हणाली. तिचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. “तो खाणार काय? आपल्या घरात अंडेसुद्धा आले नाही आजवर.”

पण त्याच रात्री नातवाला थोपटताना तिनेच जीवंधरकुमाराची कथा सांगितली. मार खाऊन मरणपंथाला लागलेल्या एका कुत्र्यापाशी तो राजपुत्र थांबला. त्याला वाचवता येणार नाही हे कळल्यावर त्याने त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला. तो जीव देवगतीला जाऊन यक्ष झाला आणि पुढे जीवंधराच्या संकटात धावून आला. वादीभसिंहांच्या ‘क्षत्रचूडामणी’त आलेली ही कथा आजीने तिच्या आजीकडून ऐकली होती.

“मग कुत्रा आणणे पुण्याचेच झाले ना?” धाकट्याने विचारले.

“जीवंधराने तो विकत आणला नव्हता रे राजा,” आजी म्हणाली. “तो वाटेत पडलेला होता.”

हे वाक्य दाराशी उभ्या असलेल्या आईच्या कानी पडले आणि मनात राहिले. मुक्या प्राण्यांविषयीची करुणा या समाजाला नवी नाही. १८३२ साली मुंबईत सरकारने मोकाट कुत्रे मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी मंडळी संतापून रस्त्यावर उतरली आणि इतर समाजांतील लोकही त्यांना मिळाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. तिच्या उभारणीमागे मोकाट कुत्र्यांच्या त्या प्रश्नाचाही हात होता. पांजरापोळीचे दार उघडते ते ज्याला कोणी नाही अशा प्राण्यासाठी. धरमपेठेतील या घरात मात्र प्रश्न उलटा होता. येथे निराधार कोणी आलेले नव्हते. आपल्या आनंदासाठी एक जीव आणायचा होता. तो आणल्याने त्याचे कल्याण होईल की केवळ आपली हौस भागेल, हे आधी पाहणे भाग होते.

नागपूरकरांना या बाबतीत एक सोय आहे. सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ सालापासून या शहरात आहे आणि २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही येथेच आहे. तेथे शिकलेले पशुवैद्यक शहराच्या जवळजवळ प्रत्येक भागात भेटतात. त्यांपैकी एकाच्या दवाखान्यात एका रविवारी आई, बाबा आणि दोन्ही मुले जाऊन बसली. आजी गुडघ्यांमुळे आली नाही.

डॉक्टरांनी छायाचित्र पाहिले आणि पहिली हरकत वयावर घेतली. पिल्लाने किमान आठ आठवडे आईजवळ आणि भावंडांत राहायला हवे. दूध तुटणे एवढीच ती बाब नसते. खेळताना किती जोराने चावायचे, कुठे थांबायचे, हे ते तेथेच शिकते. कुत्र्यांच्या प्रजनन व विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनी आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई केली आहे आणि प्रजनन करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक केले आहे. तीस दिवसांचे पिल्लू घाईने खपवू पाहणाऱ्याकडे पिल्लाची आई कोणत्या अवस्थेत असेल, याचा विचार घेणाऱ्यानेच करायचा असतो. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहायला मिळत नसेल तर तेथून रिकाम्या हाताने परतावे, असा त्यांचा सल्ला होता.

दुसरी गोष्ट हवेची. पगचा मूळ देश चीन. ल्हासा आप्सो तिबेटचा, पोमेरेनियनचे नावच बाल्टिक समुद्राकाठच्या प्रांतावरून आलेले. २००३ च्या सुमारास दूरध्वनी कंपनीच्या एका जाहिरातीत लहान मुलामागे चालणारा पग दिसला आणि भारतभर घराघरांतून त्याची मागणी वाढली. परंतु त्या जाहिरातीत नागपूरचा मे महिना नव्हता. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवाटे आणि श्वासावाटे तो शरीरातील उष्णता बाहेर टाकतो. पग आणि शिह त्झू यांचे नाकच आखूड, श्वासमार्ग अरुंद. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की त्यांची धाप त्यांनाच पुरत नाही.

तिसरी गोष्ट आकाराची. लहान जात म्हणजे कमी काम, ही समजूत डॉक्टरांनी हळूच मोडून काढली. जागा कमी लागते, अन्न कमी लागते. वेळ मात्र तेवढाच लागतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावे लागते, दिवसातून तीन-चार वेळा भरवावे लागते. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होणाऱ्या लसी चार महिन्यांपर्यंत ठरावीक अंतराने द्याव्या लागतात, तीन महिन्यांनंतर रेबीजची लस आणि पुढे वेळच्या वेळी तिची उजळणी. अगदी लहान जातींच्या पिल्लांच्या पुढच्या पायांची हाडे इतकी नाजूक असतात की पलंगावरून मारलेली उडी किंवा मुलाच्या हातून निसटणे एवढ्यानेही ती मोडू शकतात. आणि लहान कुत्रे बारा-पंधरा वर्षे जगतात. म्हणजे आज तिसरीत असलेल्या मुलाचे महाविद्यालयही संपलेले असेल, तेव्हा हा प्राणी म्हातारा होऊन त्याच घरात असेल.

आहाराच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आजीला वाटले होते तितके प्रतिकूल नव्हते. मांजर मांसाशिवाय निरोगी राहू शकत नाही. कुत्र्याचे तसे नाही. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहून कुत्र्याला पिष्टमय अन्न पचवण्याची शक्ती आली आहे आणि लांडग्यापेक्षा ती कितीतरी अधिक आहे, हे २०१३ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसून आले. दूध-दही-पनीर, डाळी आणि तयार शाकाहारी खाद्य यांवर कुत्रा जगू शकतो. पण नुसत्या वरण-पोळीवर नव्हे. वाढत्या पिल्लाला प्रथिने, कॅल्शियम आणि इतर घटक मोजून द्यावे लागतात आणि ते माप पशुवैद्यकाने ठरवायचे असते. “एक गोष्ट तुमच्या घरी आधीच चांगली आहे,” डॉक्टर हसून म्हणाले. “कांदा-लसूण कुत्र्याला अपायकारक असतात. तुमच्याकडे ते येतच नाहीत. फक्त द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट जपा.”

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. “दुपारी घरी कोण असते?”

चौघेही गप्प झाले. चौघांच्याही डोळ्यांसमोर एकच चेहरा आला होता आणि ती व्यक्ती तेथे आलेली नव्हती.

निर्णय पुढे ढकलला गेला. तेवढ्यात एक संधी आपोआप चालून आली. रामदासपेठेत राहणाऱ्या मावशीकडे तीन वर्षांचा पग होता, गोलू त्याचे नाव. मे महिन्यात मावशीच्या घरचे सगळे कोल्हापूरला लग्नासाठी आणि पुढे कुंभोजच्या बाहुबलीच्या दर्शनासाठी निघाले होते. “नऊ दिवस ठेवाल का?” तिने विचारले. आईने होकार दिला आणि त्याच दिवशी एक वही आखली. बँकेतील सवयीप्रमाणे तिने रकाने पाडले : काम, कोणी केले, किती वाजता, किती मिनिटे. खेळणे या हिशेबात धरायचे नाही, एवढा एक नियम तिने वरती लिहिला.

पहिल्या दिवशी घरात सण होता. संध्याकाळी पाच वाजता दोन्ही मुलांनी गोलूला पश्चिम उच्च न्यायालय मार्गावर फिरायला नेले. शंभर पावलांत तो खाली बसला. जीभ बाहेर, श्वासाला घरघर, डोळे विस्फारलेले. मुलांनी त्याला उचलून धावत घरी आणले. डॉक्टरांना फोन झाला; त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्याला पंख्याखाली फरशीवर ठेवले, पोट आणि पंजे साध्या गार पाण्याने भिजवले, बर्फ लावला नाही. अर्ध्या तासाने तो सावरला. त्यानंतर त्याचे फिरणे पहाटे सहाच्या आत आणि रात्री आठच्या नंतर ठरले. रस्त्यावर आपला तळहात काही क्षण टेकवता येत नसेल तर तेथे कुत्र्याला चालवायचे नाही, हा धडा धाकट्याने स्वतःचा हात भाजून घेऊन शिकला.

तिसऱ्या दिवशी गल्लीतील पाच-सहा मुले गोलूला पाहायला आली. त्याच्याभोवती कोंडाळे झाले. तो जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, तोंड वळवू लागला. मुलांना वाटले, त्याला झोप येते आहे. एका मुलीने त्याला गळामिठी घातली आणि तो गुरगुरला. थोरलीला दवाखान्यातले शब्द आठवले : जांभई, ओठ चाटणे, मान फिरवणे ही कुत्र्याची ‘पुरे’ म्हणण्याची भाषा आहे, ती कळली नाही की तो गुरगुरतो आणि तेही कळले नाही की चावतो. तिने मुलांना मागे सारले. गोलू पलंगाखाली गेला आणि तासभर बाहेर आला नाही. खाताना, झोपेत असताना आणि पलंगाखाली असताना त्याच्याकडे कोणी जायचे नाही, अशी पाटी तिने स्वतःच्या हाताने लिहून लावली. लहान मूल आणि लहान कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या नजरेआड एकत्र सोडू नये, हे आईला डॉक्टरांनी सांगितले होतेच. ते किती वेळ शक्य होते, हाच प्रश्न होता.

पाचव्या दिवसापासून उत्साह ओसरला. त्यात कोणाचा दोष नव्हता. बँकेत कामाचा ताण वाढला, दुकानात लग्नसराईचा माल उतरत होता, थोरलीचे सुटीतील वर्ग सुरू झाले. धाकट्याला पहाटे उठवले तर तो दुसऱ्या कुशीवर वळे. तरीही गोलू रोज सहाच्या आत फिरून येत होता, त्याची वाटी भरलेली असे, दुपारी त्याच्यासाठी कूलर चालू असे, व्हरांड्यात घाण झाली तर ती पुसलेली दिसे. वहीतील ‘कोणी केले’ हा रकाना काही ठिकाणी कोरा राहू लागला होता.

सातव्या दिवशी पहाटे आईला अचानक जाग आली. खिडकीतून तिने पाहिले. फाटकाच्या दोन पायऱ्या आजी कठडा धरून उतरत होती. पट्टा तिने मनगटाला गुंडाळला होता. समोरून एक मांजर गेले. गोलूने झेप घेतली आणि आजी फाटकावर आदळली. पडली नाही. एका हाताने गज धरून ती क्षणभर तशीच उभी राहिली, मग वाकून त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि चालू लागली.

संध्याकाळी आईने तिचा तळहात पाहिला. तेथे खरचटले होते.

“फरशी पुसताना लागले,” आजी म्हणाली.

“आई, मी खिडकीत होते.”

आजी थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “पोराला सांगू नकोस. नऊ दिवसांचा तर आनंद आहे त्याचा.”

पण पोराला ते कळलेच, आणि दुसऱ्या बाजूने कळले. आठव्या दिवशी दुपारी जिनमंदिरात स्वाध्यायाला येणाऱ्या दोन बायका घरी चौकशीला आल्या. आठवडाभर आजी दिसली नाही, तब्येत तर ठीक आहे ना? रोज चार वाजता होणारा तो तासाभराचा स्वाध्याय म्हणजे आजोबा गेल्यानंतर आजीला उरलेले माणसांत बसण्याचे एकमेव ठिकाण. गोलूला एकटे सोडले की तो दार खरवडून भुंकत राही, शेजाऱ्यांची दुपारची झोप मोडे. म्हणून तिने जाणेच थांबवले होते. धाकटा हे सगळे दाराआडून ऐकत होता.

नवव्या दिवशी रात्री मावशी गोलूला घेऊन गेली. त्यानंतर जेवणाच्या टेबलावर आईने वही उघडली. कोऱ्या जागा तिने आजींना विचारून भरल्या होत्या. सरासरी दिवसाला तीन तास दहा मिनिटे. त्यांत आजीचे दोन तास, आईची चाळीस मिनिटे, थोरलीची पंधरा, धाकट्याची दहा आणि बाबांची पाच. आणि हा तीन वर्षांचा, शिकवलेला, लसी झालेला कुत्रा होता. पिल्लू नव्हे.

कोणी कोणाला दोष दिला नाही. बाबांनी आकडे दोनदा वाचले. मग ते म्हणाले, “कुत्रा लहान आहे की मोठा, हा प्रश्नच नव्हता म्हणायचा.”

आजीने तेव्हा एक जुनी गोष्ट काढली. पाठशाळेत लहानपणी तिने अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार पाठ केले होते. तत्त्वार्थसूत्रात ते सांगितले आहेत. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही इतका भार घालणे आणि अन्नपाणी अडवणे. “तेव्हा वाटायचे, हे बैलगाडीवाल्यांसाठी असेल,” ती म्हणाली. “पण बघा ना. हे सगळे आपल्याजवळ असलेल्या जिवाबद्दलच आहे. रानातल्या वाघाला कोण बांधते? ज्याला आपण घरी आणले, त्याच्याशीच हे दोष घडतात.”

त्यावर बराच वेळ बोलणे झाले. कुत्र्याला दिवसभर बांधून ठेवणे हा पहिला दोष, शोभेसाठी शेपूट आणि कान कापणे हा तिसरा, हे थोरलीला लगेच उमगले. चौथ्यापाशी ती अडखळली. मांडीवर बसणाऱ्या कुत्र्यावर भार कोण घालतो?

“ज्याला आठ तास एकटे राहवत नाही त्याला तसे ठेवले, तर तो भारच,” आजी म्हणाली.

आईने मान हलवली. ती मनाशी म्हणत होती की चौथा दोष या नऊ दिवसांत घडला होता आणि तो कुत्र्याबाबत नव्हता. तिने ते बोलून दाखवले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या भांड्यांसाठी एक बाई ठेवली गेली आणि चारच्या स्वाध्यायासाठी आजीला सोडायला रिक्षा ठरली, ती आजतागायत चालू आहे.

धाकटा एवढा वेळ गप्प होता. बाबांना वाटले, तो रडेल. त्यांनी त्याला व्हरांड्यात नेले आणि विचारले, “तुला कुत्रा सगळ्यात जास्त केव्हा हवासा वाटतो? दुपारी, घरी कोणी नसते तेव्हा?”

“नाही. सकाळी,” तो म्हणाला. “आबा न्यायचे तेव्हा.”

आजोबा असताना रोज सहा वाजता त्याला घेऊन बाहेर पडत. ट्रॅफिक पार्कपर्यंत जाणे, येताना गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या तांबड्या कुत्रीला रात्रीची पोळी घालणे, मग शाळेची तयारी. अर्ध्या तासाचा तो क्रम सहा वर्षे अखंड चालला होता आणि एका दिवसात बंद पडला होता. तांबडी कुत्री अजूनही सहा वाजता फाटकाशी येऊन उभी राहते, हे घरात फक्त दोघांना माहीत होते : आजीला आणि धाकट्याला.

बाबा बराच वेळ आपल्या वडिलांच्या खुर्चीकडे पाहत राहिले. त्यांना पिल्लू आणून देणे सोपे होते. पिल्लू मागून मूल काय मागत आहे, हे विचारायला मात्र तीन महिने लागले होते.

ठरले ते असे. आता पिल्लू आणायचे नाही. थोरलीची दहावी पार पडेपर्यंत विषय स्थगित. त्या दोन वर्षांत बाबांनी आणि धाकट्याने रोज सकाळी अर्धा तास एकत्र फिरायचे आणि आईच्या वहीत नोंद करायची. सलग तीन महिने खंड पडला नाही, तर विषय पुन्हा उघडायचा. तेव्हाही आखूड नाकाचा, केसाळ, थंड मुलखातला जीव आणायचा नाही. नागपूरच्या उन्हाला सरावलेले, कोणीतरी सोडून दिलेले, शक्य तर वाढ झालेले कुत्रे दत्तक घ्यायचे. आजींची एकच अट होती. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याआत तो येणार नाही आणि त्याला फिरवायला ती जाणार नाही. दोन्ही अटी बिनविरोध मान्य झाल्या.

तांबडीचाही विचार झाला. रस्त्यावरील कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे व लसीकरणाचे २०२३ चे केंद्रीय नियम सांगतात की त्यांना खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यांपासून आणि वर्दळीपासून दूर, रहिवाशांच्या विचाराने ठरवावी. बाबांनी शेजाऱ्यांशी बोलून मागच्या भिंतीलगतची जागा ठरवली. तांबडीचे निर्बीजीकरण पूर्वीच झालेले होते, कानावर तशी खूण होती. रेबीजची लस टोचून घेतली. धाकट्याने तिला हात लावायचा नाही, पोळी ठेवून मागे सरायचे, आणि कोणतेही कुत्रे चावले अथवा नख लागले तर ते लपवायचे नाही; जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जायचे, हे त्याला पाठ करून घेतले.

आता पाऊस सुरू झाला आहे. वहीत एकेचाळीस दिवसांची नोंद झाली आहे. त्यात दोनदा खंड पडला; एकदा बाबांना ताप होता, एकदा दोघांनाही जाग आली नाही. दोन्ही वेळा धाकट्याने नियमाप्रमाणे मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली. आज त्याचा अकरावा दिवस आहे.

फ्रिजच्या दारावरील चिठ्ठी कोणी काढलेली नाही. फक्त तिसरे वाक्य पेन्सिलीने खोडले आहे आणि त्याखाली त्याच अक्षरात नवे लिहिले आहे : ‘ते रोज तीन तास घेईल.’